लहरींविना दहा वर्षं

न्यायमूर्ती पी. बी. सावंत 2021च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचा चौकशी आयोग, प्रेस कौन्सिलचं अध्यक्षपद असं बरंच काही आठवलं. माझ्या डोक्यात मात्र एक बारीकशी नोंद अडकून राहिली. 15 ऑक्टोबर 2008 रोजी त्यांनी माचनूर नावाच्या खेड्यात एका रेडिओ केंद्राचं उद्घाटन केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश एवढ्या आडगावी रेडिओ सुरू करायला कशाला गेले असतील?

उत्तर त्यांच्याच एका निकालात आहे. 1993च्या हिरो कपचे सामने टीव्हीवर दाखवायचे हक्क कोणाचे, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात जुंपली होती. 9 फेब्रुवारी 1995 रोजी न्यायालयाने सांगितलं, प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर ना सरकारची मक्तेदारी चालेल, ना पैसेवाल्यांची. मुख्य निकालपत्र सावंतांचं. भांडण क्रिकेटचं होतं. क्रिकेट पाहण्याशी काडीचा संबंध नसलेल्या, रानात राळा पेरणाऱ्या माचनूरच्या बायकांच्या तो निकाल पथ्यावर पडला. म्हणून माचनूरला जायचं ठरवलं.

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना झहीराबाद लागतं; माचनूर त्याच्याच जवळ. आजच्या तेलंगणाचं हे पश्चिम टोक. माती तांबडी, हलकी, पावसाच्या भरवशावरची. इथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था 1980च्या दशकापासून बायकांचे गट बांधते. गटाला इथे ‘संगम’ म्हणतात, म्हणून माचनूरचं केंद्र म्हणजे ‘संगम रेडिओ’, 90.4 एफएम. सभासद बहुतेक दलित, नावावर जमीन एक-दोन एकर. त्यात ज्वारी, बाजरी, राळा, सावा, तूर एकत्र पेरायची. एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. आपल्याकडे मराठवाड्यातली जुनी माणसं हे सगळं ओळखतील. 1956पर्यंत तर दोन्ही मुलुख एकाच हैदराबाद राज्यात होते.

स्वतःचा रेडिओ हवा, ही मागणी या बायकांचीच. आकाशवाणीचं हैदराबाद केंद्र ऐकू येत होतं, पण त्यावरची शेती खतं-औषधांची आणि बोली किनारपट्टीकडची. युनेस्कोच्या मदतीने 1998 साली माचनूरला स्टुडिओ उभा राहिला. जवळपासच्या गावांतल्या, नरसम्मा हेच नाव असलेल्या दोन दलित मुली यंत्रं हाताळायला शिकल्या. कार्यक्रम तयार होऊ लागले. एकच गोष्ट नव्हती, ते हवेत सोडायचा परवाना.

‘‘दस साल,’’ मिक्सरपाशी बसलेली ताई दक्खिनीत म्हणाली. दहा वर्षं या बायका कार्यक्रम करत राहिल्या आणि कॅसेटवर उतरवत राहिल्या. कॅसेट पिशवीतून गावोगावच्या संगमच्या बैठकीत जायची. रात्री जेवणंखाणं उरकून बायका जमल्या की टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायचा. निकाल 1995चा, तरी 2002मध्ये सरकारने दार उघडलं ते फक्त शिक्षणसंस्थांना. स्वयंसेवी संस्थांचा नंबर लागला 2006च्या नोव्हेंबरात. एवढा वेळ कशाला लागावा? खेड्यातल्या बाईच्या हाती माईक गेला तर देशाच्या सुरक्षेचं काय, ही चिंता दिल्लीला सोडत नव्हती. कर्नाटकातल्या बुदीकोटेच्या लोकांनी तर केबलच्या तारेतून घरोघर आवाज पोचवला. तारेवर लहरींचा कायदा चालत नाही ना!

दहा वर्षं. तिथून निघेपर्यंत हा आकडा मी तिघींच्या तोंडून ऐकला, आणि एकीच्याही बोलण्यात कुरकुर नव्हती. माझाच संताप होत होता.

मी गेलो त्या दुपारी बियाण्यांवरचं ध्वनिमुद्रण होतं. सत्तरीच्या एक अम्मा शेजारच्या गावाहून आल्या होत्या, मांडीवर बांबूची टोपली घेऊन. टोपली शेणामातीने आतून-बाहेरून सारवलेली, आत राखेत घोळलेलं राळ्याचं बी आणि वर वाळलेला कडुलिंबाचा पाला. अम्मांच्या हातभर काचेच्या बांगड्या टेबलावर आपटून किणकिणत होत्या, म्हणून ताईने टॉवेलची घडी आणून त्यांच्या मनगटाखाली सरकवली. शेणाचा, राखेचा, लिंबाचा असा कडवट कोरडा वास त्या बंद खोलीत भरून राहिला. अजूनही कुठे कणगी दिसली की तो नाकात येतो. ताईने विचारलं, पाला किती घालायचा? अम्मांनी पसाभर पाला उचलून दाखवला. रेडिओवर हात दिसत नाही, हे ताईने हसत सांगितलं, तर अम्मा क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘ज्यांना पेरायचंय त्यांना ठाऊक आहे.’’ हे वाक्य कापू नका, असं मला सांगावंसं वाटलं. त्यांनी ते कापलं नाही.

प्रसारण संध्याकाळी सात ते नऊ. बाई रानातून येऊन चूल पेटवते, ती हीच वेळ. पेरणी, गावठी औषधं, जात्यावरची गाणी, जत्रेची हकिगत, सगळं तिथल्याच बोलीत. कानाला घासूनपुसून काढलेलं काही नाही; मध्येच कोंबडं आरवतं, तेही जातं.

आता तरुण पोरं मोबाइलवर काय ऐकतात ते मी पाहिलं आणि ते राळ्याबद्दल नव्हतं. त्यात केंद्राला परवानाही साधारण शंभर वॉटचाच मिळतो. मनोऱ्याची उंची तीस मीटरपर्यंत. तासाभरात जाहिराती किती मिनिटं घ्यायच्या तेही ठरलेलं. राळ्याची जाहिरात देणार तरी कोण? देशात अशी सामुदायिक रेडिओ केंद्रं आता पाचशेच्या घरात आहेत. आपल्याकडे म्हसवडला ‘माणदेशी तरंग’, बारामतीला ‘शारदा कृषी वाहिनी’, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे. पैशाची ओढाताण बहुतेकांच्या पाचवीला पुजलेली.

पण माझा खरा राग आहे तो एका नियमावर. सामुदायिक केंद्राला स्वतःची बातमी देता येत नाही. बाजारभाव सांगा, हवामान सांगा, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुन्हा लावा. पण गावातल्या रेशन दुकानात धान्य का आलं नाही, हे गावच्या रेडिओने बातमी म्हणून सांगायचं नाही. मोबाइलवर कोणीही काहीही पाठवतं, त्याला परवाना लागत नाही. बातमी पाजळणाऱ्या वाहिन्या शेकड्याने चालतात. शंभर वॉटच्या आत बोलणाऱ्या, नावगाव उघड असलेल्या, शेजारणीला रोज तोंड दाखवावं लागणाऱ्या या बायकांवरच तेवढा अविश्वास. ही बंदी उठवायला हवी, आणि त्यासाठी आणखी दहा वर्षं लावू नयेत.