कुसळ : एका गवताचे नाव, एका ऋतूचेही

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ ही जोडी मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातही हेच दोन शब्द येतात. म्हणीतले मुसळ कधीकाळी घरोघरी होते. कुसळ आजही माळावर उभे आहे, पण ते नेमके कशाला म्हणायचे हे शहरातच काय, गावातही सगळ्यांना सांगता येत नाही.

मूळ अर्थ सोपा आहे. दाण्याच्या टोकाला जो केसासारखा ताठ, खरखरीत काटा असतो, ते कुसळ. गव्हाच्या ओंबीला ते असते, भाताच्या काही जातींच्या लोंबीलाही असते. गव्हाचे कुसळ हिरवे असेपर्यंत पानासारखेच अन्न तयार करते आणि दाणा भरायला हातभार लावते. बाजरीच्या केसाळ कणसावर पाखरे कमी बसतात, म्हणून काही शेतकरी मुद्दाम तसले वाण निवडतात.

रानात गेले की याच शब्दाचा पसारा वाढतो. तिथे कुसळ हा नुसता अवयव राहत नाही, ज्या गवताला तो येतो ते सगळे गवतच ‘कुसळ’ किंवा ‘कुसळी’ होते. पुरंदर, माण, खटाव, सांगोला अशा कोरड्या मुलखात हे नाव मुख्यतः ज्या गवताला मिळते त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कंटॉर्टस. लिनियसने १७५३ मध्ये त्याची नोंद केली. ‘कंटॉर्टस’ म्हणजे पीळ पडलेले. त्याची बोटभर लांब, काळपट कुसळे पिकल्यावर एकमेकांत गुंतून वेणीसारखी दिसतात. पण हे नाव त्याच्या एकट्याच्या मालकीचे नाही. दाण्याला तीन शेपट्या असलेली ॲरिस्टिडा या प्रजातीतली (genus) गवतेही लोकांच्या तोंडी कुसळच. वनस्पतिशास्त्राने वेगळी केलेली ही गवते लोकांनी एकत्र ठेवली, आणि त्यामागचा विचार पक्का आहे : अंगात रुततात ती एका नावाची.

रुतण्याची ही करामत मुळात जमिनीसाठी आहे. दाण्याचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे आत गेलेला दाणा सहजी बाहेर येत नाही. वरच्या कुसळाचा खालचा भाग पिळलेला असतो. दवाने भिजला की पीळ सुटतो, उन्हाने वाळला की पुन्हा बसतो. वरचे वाकडे टोक गवताच्या काडीला किंवा खड्याला टेकले की ही फिरकी दाण्याला मातीत ढकलते. वाळलेल्या कुसळात ना जीव, ना स्नायू. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन एवढ्यावर बी स्वतःला पेरून घेते. चार्ल्स डार्विनचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी १८७६ मध्ये अशाच एका कुसळवाल्या गवतावर, स्टायपावर, प्रयोग करून ही यंत्रणा समजावून सांगितली.

त्या दाण्याला माती आणि मेंढी यांतला फरक कळत नाही. लोकरीत शिरलेले कुसळ हळूहळू कातडीपर्यंत पोचते, जखम करते. चरताना ते तोंडात टोचते, डोळ्यात गेले तर डोळा जायची वेळ येते. म्हणीने कुसळाला क्षुल्लक ठरवले खरे, पण मेंढपाळाला विचारा.

मात्र एवढ्यावरून या गवताला वाईट ठरवणे अन्यायाचे आहे, आणि नावाने नेमका तोच अन्याय केला आहे. श्रावणात हेच गवत कोवळे असते आणि गुरे ते आवडीने खातात. फुलोरा येण्याआधी कापले तर वैरण म्हणून चालते. वाळल्यावर छपरे शाकारायलाही कामी येते. कुसळ धरल्यावरच ते जनावरांच्या तोंडाला नकोसे होते. म्हणजे ज्याला आपण गवताचे नाव समजतो, ते बरेचसे त्याच्या वयाचे नाव आहे.

दिवाळीनंतर पिवळा पडलेला माळ बघून ‘इथे नुसती कुसळं’ म्हणणे सोपे असते. पुढची पायरी म्हणजे काडी लावणे. पण आगीत मारवेल, पवन्या, शेडा यांसारख्या चांगल्या चाऱ्याच्या गवतांचे बी जळते, आणि कुसळाचे बी आधीच मातीत शिरून सुरक्षित असते. वरचेवर जाळलेल्या माळावर कुसळच वाढते. जाळणाऱ्याला नको तेच तो पेरत असतो.

सरकारी दप्तरात असा माळ बहुधा ‘पडीक’ या सदरात जातो, आणि पडीक जमिनीवर खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. खरे तर हा माळ लांडग्याचा, चिंकाऱ्याचा, धाविक पक्ष्याचा, चंडोलाचा. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, ते अशाच उघड्या गवताळ रानासाठी. माळढोकाला झाडांची दाटी चालत नाही.

गावच्या गायरानावर वृक्षारोपणाची तारीख ठरली असेल, तर त्याआधी एकदा भाद्रपदात तिथे चक्कर मारा. जाणत्या मेंढपाळाला सोबत घ्या आणि कोणते गवत कुठे आहे ते विचारा. फुलोऱ्याआधी कापणी, चराईला आळीपाळीने विश्रांती आणि आगीपासून राखण एवढे ग्रामसभेने ठरवले, तरी चांगल्या गवताला परत यायला वाव मिळतो.