सलाईन चालू आहे, पण जेवण?

"सलाईन लावलंय, आता काळजी नाही," असं नातेवाईक एकमेकांना सांगतात. हिशेब काही वेगळंच सांगतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. त्यातून मिळतात जेमतेम 85 कॅलरी, म्हणजे एखाद्या फुलक्याएवढ्या. नुसत्या मिठाच्या सलाईनमधून तर शून्य.

अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी 1974 मध्ये हे दुखणं वेशीवर टांगलं. उंची-वजनाची नोंद नाही, रुग्ण किती खातो याकडे लक्ष नाही आणि दिवसच्या दिवस सलाईनवर भिस्त, अशा रुग्णालयांतल्या सवयी त्यांनी दाखवून दिल्या. पुढं 1994 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत दाखल झालेल्या 500 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले 40 टक्के कुपोषित होते.

आजारात अन्नावरची वासना उडते, ते नखरे नसतात. संसर्गाशी लढताना शरीर सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतं आणि त्यांच्या परिणामानं मेंदूतलं भुकेचं केंद्र मंदावतं. त्यात औषधांनी तोंड कडू, कवळी घरीच राहिलेली, आणि तपासणीसाठी सकाळपासून उपाशी! हुकलेलं ताट नंतर पुन्हा येतंच असं नाही.

तहान तर म्हातारपणी सरळ दगा देते. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 67 ते 75 वर्षांच्या धडधाकट पुरुषांना आणि विशी-तिशीतल्या तरुणांना 24 तास पाण्याविना ठेवलं. ज्येष्ठांच्या रक्तात क्षारांचं प्रमाण जास्त वाढलं, तरी तहान कमी लागली. नंतर पाणी दिल्यावरही ते कमीच प्यायले. काहीजण तर बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून मुद्दाम पाणी टाळतात. हे कारण केसपेपरवर सहसा येत नाही.

शरीरात पाणी कमी पडलंय का हे ओळखायला म्हाताऱ्या माणसाची कातडी चिमटीत धरून पाहण्यात फारसा अर्थ नाही, ती तशीही सैल असते. वजन जास्त खरं बोलतं: दिवसात किलोभर उतरलं, तर ते बहुतेक लिटरभर पाणीच. अचानक बरळणं, गुंगी याही खुणा. आणि "जेवलात का?" विचारलं तर उत्तर "हो"च येणार. ताटात काय उरलं ते पाहावं.

मात्र पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर लगेच तुपातल्या शिऱ्याचा डबा आणू नये. एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. सुरुवात किती खाण्यापासून करायची, ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.