राउटरमागची डिस्क दिसत नाही, तेव्हा

फायबरची जोडणी घेतली की कंपनी स्वतःचा राउटर बसवून जाते आणि घरातला आधीचा राउटर माळ्यावर पडतो. त्याच राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चढवले आणि मागच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावली, तर घरातल्या सगळ्यांना लॅपटॉपवरून, फोनवरून वापरता येईल अशी सामायिक जागा तयार होते. जुळणी नीट बसली तर ती वर्षानुवर्षे चालते. बिघडली की मात्र विंडोज ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ एवढे सांगून मोकळे होते, आणि हाच संदेश निरनिराळ्या कारणांनी येतो. त्यामुळे संदेशाच्या मागे न लागता चार प्रश्न क्रमाने विचारावेत. डिस्क राउटरला दिसते का? कॉम्प्युटर राउटरपर्यंत पोहोचतो का? राउटर आपली ओळख मान्य करतो का? आणि फाइल लिहू देतो का? पहिल्याचे उत्तर हाती आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. लोकांचे तासन्‌तास जातात ते दुसऱ्यात अडचण असताना चौथ्यावर काम करत बसल्यामुळे.

हे प्रश्न विचारता येतात याचे कारण राउटर हा मुळात एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर आहे. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स असल्याचे लक्षात आल्यावर, जीपीएल परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झाले. नावातली शेवटची तीन अक्षरे त्या राउटरचीच आहेत. मूळ फर्मवेअरमध्ये आत काय चालले आहे ते फारसे दिसत नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये कर्नल लॉग वाचता येतो, आणि निम्मे निदान तिथेच होते.

आधी फर्मवेअर चढवण्याबद्दल, कारण काही बिघाडांचे मूळ तिथे असते. राउटरच्या तळाच्या लेबलवर मॉडेलच्या पुढे आवृत्ती छापलेली असते. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ चेच उदाहरण घ्या. त्याच्या पाचव्या आवृत्तीत १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम आणि एक यूएसबी २.० पोर्ट आहे. दुसऱ्या आवृत्तीत दोन यूएसबी पोर्ट होते. नाव एकच, आतले यंत्र वेगळे, त्यामुळे फर्मवेअरची फाइलही वेगळी. मूळ फर्मवेअरवरून येताना ‘फॅक्टरी’ प्रकारची फाइल लागते, ओपनडब्ल्यूआरटीवरून पुढच्या आवृत्तीकडे जाताना ‘सिसअपग्रेड’. फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए२५६ चेकसम जुळवून पाहावा. हे काम वाय-फायवरून कधीही करू नये, केबल लावूनच करावे. आणि वीज जाण्याचा भरवसा नसेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. लिखाण अर्ध्यावर असताना वीज गेली तर राउटर सुरूच न होण्याची वेळ येते.

फर्मवेअर चढल्यावर वाय-फाय दिसत नाही म्हणून अनेकजण घाबरतात. बहुतेक राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी मुद्दामच वाय-फाय बंद ठेवून सुरू होते, कारण तोवर पासवर्ड ठरलेला नसतो. लॅन पोर्टला केबल लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडावे, सर्वात आधी पासवर्ड ठेवावा, मग वाय-फाय चालू करून देश म्हणून भारत निवडावा.

सेटिंग चुकून राउटरपर्यंत पोहोचताच येईनासे झाले, तर फेलसेफची सोय आहे. सुरू होताना राउटरचा एक दिवा लुकलुकतो. त्या काही सेकंदांत रीसेटचे किंवा दुसरे एखादे बटण दाबले की लुकलुकण्याचा वेग वाढतो, आणि राउटर तुमची सेटिंग बाजूला ठेवून मूळ पत्त्यावर उठतो. हे जमते कारण ओपनडब्ल्यूआरटीचे मूळ रूप न बदलता येणाऱ्या भागात असते आणि आपले बदल वेगळ्या थरात साठतात. तो थर पुसला की राउटर कोरा. फर्मवेअरच खराब झाले असेल तर अनेक टीपी-लिंक राउटर टीएफटीपीने नवी फाइल मागतात. कॉम्प्युटरला १९२.१६८.०.६६ हा स्थिर पत्ता द्यायचा, ठरलेल्या नावाची फाइल टीएफटीपी सर्व्हरवर ठेवायची आणि रीसेट दाबून धरत राउटर चालू करायचा. इथे काम अडले तर आधी विंडोजची फायरवॉल तपासा. फाइलची मागणी ती गुपचूप अडवते.

आता डिस्क. ल्युसी या वेब पॅनेलमध्ये ‘स्टेटस’खाली कर्नल लॉग आहे. तो उघडा ठेवून डिस्क लावा. नवे यूएसबी उपकरण आल्याची ओळ दिसली पाहिजे, आणि थोड्या वेळाने एसडीए नावाची डिस्क जोडली गेल्याची. पहिली ओळच आली नाही तर पोर्ट, केबल किंवा वीजपुरवठा यांकडे पाहा. पहिली आली, दुसरी नाही, तर यूएसबी स्टोअरेजचे पॅकेज राहिले आहे. दोन्ही येतात आणि काही मिनिटांनी ‘डिसकनेक्ट’ येऊन पुन्हा तोच क्रम सुरू होतो, तर तो विजेचा तुटवडा समजावा. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे, आणि खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कची चकती फिरायला लागताना त्याहून जास्त ओढते. टक-टक असा आवाज येत असेल तर ती डिस्क तशीच चालवू नका, डेटा जाईल. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घातला की ही तक्रार मिटते.

डिस्क दिसते पण उघडत नाही, याचे कारण बहुधा फाइल सिस्टीम असते. विंडोजवरून थेट काढून आणलेली एनटीएफएस डिस्क ‘नीट बंद केलेली नाही’ म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर नाकारतो. ती पुन्हा विंडोजला लावून दुरुस्त करावी आणि ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावी. फॅट३२ असेल तर ४ जीबीची फाइल बसतच नाही, आणि चांगल्या प्रतीचा सिनेमा याहून मोठा असतो. डिस्क कायम राउटरलाच राहणार असेल तर माझे मत सरळ आहे: ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅटमध्ये डिस्कवरचे सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवून आधी प्रत काढा.

इथे एक बिघाड असा आहे की तो बिघाड वाटतच नाही. डिस्क एसडीए१ नावाच्या फोल्डरवर जोडली जाते आणि शेअर, म्हणजे घरातल्यांना दिसणारी सामायिक जागा, त्या फोल्डरकडे बोट दाखवतो. समजा राउटर पुन्हा सुरू झाला आणि डिस्क जागी व्हायला उशीर झाला, किंवा शेजारी पेनड्राइव्ह लावल्याने तिचे नाव एसडीबी झाले. फोल्डर तर तिथेच असतो, फक्त रिकामा. शेअर उघडतो, आत काही नाही. घाबरून आपण फोटोंची प्रत पुन्हा टाकायला घेतो, आणि त्या फाइली डिस्कवर न जाता राउटरच्या स्वतःच्या इवल्याशा फ्लॅशमध्ये साठू लागतात. ती काही एमबींतच भरते. मग सेटिंग सेव्ह होत नाही, पॅकेज बसत नाही, राउटर विचित्र वागू लागतो. म्हणून शेअर रिकामा दिसला की काहीही लिहिण्याआधी ‘माउंट पॉइंट्स’मध्ये जागा किती दिसते ते पाहावे. तिथे १ टीबीऐवजी काही एमबी असतील तर डिस्क जोडलेलीच नाही. कायमचा इलाज म्हणजे डिस्कचे माउंट नावावरून न ठेवता यूयूआयडीवरून ठेवणे. तो क्रमांक फाइल सिस्टीमसोबतच राहतो, पोर्ट बदलला तरी बदलत नाही.

दुसरा प्रश्न, पोहोचण्याचा. आपल्याकडच्या घरांत सर्वाधिक घोटाळा इथे होतो, कारण घरात राउटर दोन झालेले असतात. कंपनीच्या राउटरमधून निघालेली केबल जुन्या राउटरच्या वॅन पोर्टला जाते, लॅपटॉप कंपनीच्या वाय-फायवर असतो आणि डिस्क जुन्या राउटरला. जुन्या राउटरच्या दृष्टीने लॅपटॉप ‘बाहेरच्या इंटरनेटवर’ आहे, म्हणून त्याची फायरवॉल त्याला आत घेत नाही. फायरवॉल तिचे काम चोख करते आहे. चुकली आहे ती केबलची जागा. त्यात दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर इंटरनेटही बंद पडते.

उपाय असा. केबल लावण्याआधी जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ सारखा पत्ता द्या, पहिले तीन आकडे कंपनीच्या राउटरशी जुळवून. उपकरणांना पत्ते वाटणारी त्याची डीएचसीपी सेवा बंद करा. गेटवे म्हणून कंपनीच्या राउटरचा पत्ता भरा. मग केबल वॅनऐवजी लॅन पोर्टला लावा. आता जुना राउटर फक्त वाय-फाय आणि डिस्क सांभाळतो, आणि घरातली सगळी उपकरणे एकाच जाळ्यात येतात. एवढे करूनही फोनला डिस्क दिसत नसेल तर फोन गेस्ट वाय-फायवर आहे का, किंवा उपकरणांना एकमेकांपासून दूर ठेवणारे आयसोलेशनचे सेटिंग चालू आहे का, ते पाहा.

पोहोचतो की नाही हे ठरवायला फाइल एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’ची यादी मुळीच प्रमाण मानू नये. ती यादी पूर्वी एसएमबी१ या फाइल शेअर करण्याच्या जुन्या प्रोटोकॉलच्या आधाराने भरत असे, आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या अपडेटपासून नव्या मशीनवर एसएमबी१ बसवलेच जात नाही. यादीत नाव हवे असेल तर राउटरवर डब्ल्यूएसडीडी२ हे पॅकेज घालावे लागते. त्यापेक्षा ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा, राउटरचा पत्ता, पुन्हा एक रेघ आणि शेअरचे नाव टाइप करा. उघडले तर जाळे ठीक आहे. नाही उघडले तर पॉवरशेलमधल्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने राउटरचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट उघडा आहे का ते तपासा. पिंग लागतो आणि ४४५ बंद, याचा अर्थ वाट आहे पण सेवा चालू नाही किंवा फायरवॉल मध्ये आहे. सेवेसाठी दोन पर्याय आहेत, सांबा४ आणि केएसएमबीडी. सांबा बरीच जागा खातो. १६ एमबी फ्लॅशच्या राउटरवर केएसएमबीडीच घ्यावा.

ओळखीच्या टप्प्यावर विंडोज कधीकधी म्हणते की ‘तुमच्या संस्थेच्या’ सुरक्षा धोरणामुळे पासवर्डविना पाहुणा म्हणून जाता येणार नाही. घरच्या लॅपटॉपवर कसली संस्था, असे वाटते. पण विंडोजच्या नव्या आवृत्त्यांनी पाहुण्यांचा प्रवेश बंद केला आहे एवढाच त्याचा अर्थ. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो वापरणाऱ्यांसाठी एसएमबी सायनिंगही सक्तीचे झाले, आणि पासवर्ड नसेल तर सायनिंग होऊच शकत नाही. ही बंदी उठवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्या करू नका. राउटरवर एक वापरकर्ता बनवा आणि त्याला शेअरसाठी पासवर्ड द्या. हा पासवर्ड राउटरच्या लॉगिनपासून वेगळा साठवला जातो. आणि रूट नावाने शेअर उघडायचा प्रयत्न व्यर्थ आहे, सांबाच्या मूळ सेटिंगमध्येच रूटला मनाई असते. पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जुना पासवर्ड बसलेला असतो. तो काढून पुन्हा साइन इन करावे.

फोल्डर उघडतो पण लिहिता येत नाही, ही शेवटची पायरी. ईएक्सटी४ वर प्रत्येक फोल्डरला मालक असतो, आणि डिस्क फॉरमॅट केल्यावर तो मालक रूट असतो. शेअरमध्ये ‘रीड ओन्ली’ची खूण काढली तरी खालच्या फोल्डरची परवानगी नसेल तर लिहिता येणार नाही. फोल्डरची मालकी त्या नव्या वापरकर्त्याला दिली की झाले. सगळ्यांना सगळे मोकळे करण्याची गरज नाही.

अपडेटनंतर शेअर नाहीसा झाला तर बहुधा सेटिंग शाबूत असते. सिसअपग्रेड सेटिंग राखते, पण आपण वरून घातलेली पॅकेजेस जातात. तीच पॅकेजेस पुन्हा घातली की शेअर परत येतो. ‘अटेंडेड सिसअपग्रेड’ वापरले तर तीही नव्या फर्मवेअरमध्येच बसून येतात.

वेगाची तक्रार करण्याआधी पोर्ट पाहावा. १०० एमबीपीएसच्या पोर्टातून सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर काही येणार नाही. पोर्ट गिगाबिटचा असला तरी जुन्या राउटरचा प्रोसेसर आणि यूएसबी २.० आडवे येतात. यूएसबी ३.० असलेल्या राउटरवर वेगळीच गंमत होते: डिस्क लावली की २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय मंदावते, कारण यूएसबी ३.० चा गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो. चांगल्या आवरणाची केबल घ्यावी, डिस्क अँटेनांपासून लांब ठेवावी, किंवा ५ गिगाहर्ट्‌झ वापरावे.

जुना टीव्ही शेअर उघडत नाही म्हणून काहीजण एसएमबी१ पुन्हा चालू करतात. हे करू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर याच प्रोटोकॉलच्या अंमलबजावणीतल्या भगदाडातून पसरला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या मालवेअरने तेच भगदाड वापरले, आणि त्या हल्ल्यात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या यंत्रणा कोलमडल्यावर न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. टीव्हीला सिनेमे दाखवायचे तर मिनीडीएलएनए घाला, तो वाचण्यापुरताच असतो. घराबाहेरून फाइली हव्या असतील तर ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडू नका, वायरगार्ड हे व्हीपीएन लावा. आणि आज डिस्क नीट चालते आहे तोवरच ‘सिस्टीम’ मेन्यूतून राउटरच्या सेटिंगचा बॅकअप उतरवून घ्या, फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क राउटरला न लावता कपाटात ठेवा.