खर्रा 'आवडतो' की 'लागतो'?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, दिवसाला दोनच खर्रे खातो. हे व्यसन थोडीच आहे?"

आकडा बाजूला ठेवा. डॉक्टर आधी विचारतात: सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत हात पन्नीकडे जात असेल, तर शरीर निकोटीनवर बऱ्यापैकी अवलंबून आहे. दुसरी खूण, ठरवूनही कमी होत नाही. तिसरी, त्याच्यासाठी दुसरं काही सोडावं लागतं.

ही तिसरी मी डोळ्यांनी पाहिली. माघ पौर्णिमेला कचारगडला कोया पुनेमची जत्रा असते. धनेगावकडून आम्ही चढत होतो. गुहा जवळ आली आणि एका मित्राची पन्नी संपली. पठ्ठ्या मागे वळला! वर्षभर या दर्शनाची वाट पाहणारा माणूस. खर्रा आवडतो म्हणून तो खाली गेला नाही. न खाल्ल्यावर जी चिडचिड, घालमेल होते, ती टाळायला गेला. निकोटीन मेंदूत डोपामाइन वाढवतं, मेंदू त्याला सरावतो, आणि मग नुसतं 'नॉर्मल' वाटायलाही डोस लागतो. आमच्या भाषेत बॅकग्राउंडला चालणारी प्रोसेस. स्क्रीनवर दिसत नाही, बॅटरी खाते.

बरं, खर्ऱ्यात दुसरी भानगड सुपारीची. तंबाखू नसली तरी एकट्या सुपारीने कॅन्सर होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मान्य केलंय. शिवाय गालाची आतली कातडी कडक होते, तोंड उघडेनासं होतं. आत्ताच बघा: तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का? जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे जा. पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात.

मदत लांब नाही. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' दारू-तंबाखूवर गावोगावी काम करतंय. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. पण आधी फोन करा: तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मोफत. दारू किंवा इतर नशेसाठी १४४४६. मन फारच बेचैन असेल, तर टेलीमानस, १४४१६.

फोनवर भाषण देत नाहीत. किती वर्षं, दिवसाला किती, पहिला कधी, हे विचारतात, सोडायची तारीख ठरवायला लावतात आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड. काही आठवड्यांत तलफ उतरते. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, पण किती आणि कसं चघळायचं ते विचारून घ्या. ते खर्ऱ्यासारखं सतत चघळायचं नसतं. आणि हो, तारीख लग्नसराईतली किंवा जत्रेतली नको. तिथे प्रत्येक जण पन्नी पुढे करतो.