हस्तांतरणाचे शुल्क कोणी द्यावे?

अमेरिकेत परराज्यातील विक्रेत्याकडून घेतलेली बंदूक १९६८ च्या कायद्यानुसार थेट ग्राहकाच्या हाती पडत नाही. ती त्याच्या राज्यातील परवानाधारक दुकानदाराकडे येते. दुकानदाराने ती नोंदवहीत चढवावयाची, ग्राहकाकडून सरकारी नमुना भरून घ्यावयाचा आणि १९९८ पासून चालू असलेल्या केंद्रीय यंत्रणेमार्फत त्याची पूर्वपीठिका तपासावयाची. नफा दुसऱ्याचा, जबाबदारी मात्र याच्या माथी! मग या श्रमांचे मोल त्याने का मागू नये? ग्राहकाने स्वस्ताईसाठी दूरचा विक्रेता निवडला असेल, तर ते मागणे रास्तच आहे.

परंतु कित्येक राज्यांत दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीही दुकानदारामार्फतच करावी लागते. तेथे ग्राहकाला निवड उरत नाही. शुल्क अवाच्या सवा वाढले, तर तपासणी टाळून परस्पर व्यवहार उरकण्याचा मोह बळावेल आणि कायद्याचा हेतूच फसेल. म्हणूनच कॅलिफोर्नियाने अशा व्यवहारात दुकानदाराचे शुल्क शस्त्रामागे १० डॉलरांपुरते मर्यादित केले. सरकारी आकार निराळा. सोयीचे मोल बाजाराने ठरवावे. सक्तीचे मोल ठरविण्याची जबाबदारी मात्र सक्ती करणाऱ्या शासनाला टाळता येणार नाही.