वाळू डावीकडेच का पडते?

भाचीसाठी मी संगणकावर एक छोटा खेळ लिहिला होता. पाच मिनिटे खेळून तिने विचारले, "मामा, तुझी वाळू नेहमी डावीकडेच का पडते?"

खेळ साधा आहे. पडदा म्हणजे बारीक चौकटींची जाळी; चौकटीत वाळू, पाणी, धूर, दगड, नाहीतर पोकळी. वाळूचा नियम असा : खाली जागा असेल तर खाली जा; नसेल तर डावीकडे तिरके उतर; तीही भरलेली असेल तर उजवीकडे. २०२० साली पूर्ण रूपात आलेला 'नोइटा' हा फिनलंडमधला खेळ याच कुळातला.

उत्तर नियमातच होते. डावी बाजू आधी विचारली जात होती. मी तिथे नाणेफेक बसवली आणि ढीग सरळ झाला.

दुसरा बग अधिक खोल होता. धूर क्षणात छताला चिकटे. संगणक चौकटी एकामागून एक तपासतो, आणि मी तळापासून वर तपासत होतो. वाळूला ते सोयीचे. खालचा कण आधी सरकला की वरच्याला जागा होते. पण वर गेलेला धूर पुढच्या ओळीत पुन्हा सापडे आणि पुन्हा वर ढकलला जाई. नियम अचूक होता, चुकला होता तो क्रम.

जॉन कॉन्वे यांच्या 'गेम ऑफ लाइफ'ची (१९७०) युक्ती आठवली : जुनी जाळी वाचायची, उत्तर नव्या जाळीत लिहायचे. तसे केले, तर वाळू कमी होऊ लागली! दोन कणांना जुन्या जाळीत एकच रिकामी जागा दिसे. दोघेही तिथे जात आणि एक पुसला जाई. कॉन्वे यांच्या पेशी जन्मतात, मरतात, पण जागा सोडत नाहीत. प्रत्येक चौकट फक्त स्वतःपुरते ठरवते. माझे कण मात्र स्थलांतर करणारे होते.

शेवटी एकच जाळी ठेवली आणि हललेल्या प्रत्येक कणावर 'या फेरीत हलला' अशी खूण केली. पण धुराचा कोड दुरुस्त झाला तरी वाफेचा तसाच राहिला, कारण प्रत्येक पदार्थासाठी मी तोच कोड पुन्हा उतरवला होता. मग रिफॅक्टरिंग आले, म्हणजे बाहेरचे वागणे न बदलता आतली रचना बदलणे. कण हलवण्याचा अधिकार एकाच फंक्शनला दिला आणि प्रत्येक फेरीआधी व नंतर कणांची मोजदाद लावली. आकडे जुळू लागले.

दुसऱ्या दिवशी भाची रडवेली झाली. तिने जपून ठेवलेल्या जगात वाळू डाव्या हौदात साठत असे. आता निम्मी उजवीकडे सांडत होती. "मला फक्त विचारायचं होतं. तू माझं मोडलंस!"

माझ्या लेखी जो बग होता, तो तिच्या जगाचा निसर्गनियम होता. दुरुस्ती आणि रिफॅक्टरिंग मी एकाच रात्री उरकले, त्यामुळे हौद कोणत्या बदलाने मोडला हे शोधायलाही तासभर गेला. दुरुस्ती वागणे बदलते, रिफॅक्टरिंगने ते बदलता कामा नये. म्हणून ही कामे वेगवेगळी करायची असतात.

आता जुन्या जगांना जुनाच झुकाव मिळतो, नव्यांना नाणेफेक. कोडमध्ये त्यासाठी एक ओळ वाढली आहे. ती मी काढणार नाही.