रणभूमीवरून घरी

सावरकरांनी 1910 साली घेतलेल्या उडीमुळे फ्रान्समधील मार्सेलिस बंदराचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, सप्टेंबर 1914 च्या अखेरीस, याच बंदरात हिंदी सैन्याच्या पहिल्या तुकड्या उतरल्या. 1918 पर्यंत सैनिक व मजूर मिळून सुमारे 1,40,000 हिंदी माणसे फ्रान्सच्या आघाडीवर गेली. त्यांची खुशाली घरी कळण्याचे मुख्य साधन म्हणजे पत्र.

हे पत्र लिहिणे मात्र आपल्याला वाटते तितके सोपे नव्हते. बहुतेक सैनिक निरक्षर होते. लिहिता येणाऱ्या सोबत्याला मजकूर सांगावयाचा आणि त्याने तो उर्दू, हिंदी किंवा गुरुमुखीत उतरवावयाचा, अशी रीत होती. गावीही कोणी साक्षर मनुष्य ते मोठ्याने वाचून दाखवी. बायकोसाठी लिहिलेले पत्र सासू, सासरे, दीर आणि दारातले शेजारीही ऐकत. अशा पत्रात मनातले कितीसे उतरणार?

त्यातच सरकारची नजर होती. फ्रान्समधील बुलोन येथे हिंदी टपाल तपासणारी कचेरी होती. तेथील अधिकारी निवडक पत्रांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून वरिष्ठांकडे पाठवीत आणि आक्षेपार्ह मजकूर अडवीत. सैनिकांनीही यावर उपाय शोधला. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई व लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई, असा संकेत करून काळी मिरी संपत आल्याचे ते घरी कळवीत. वाचणाऱ्याने काय समजावयाचे ते समजावे! तपासनिसांनाही हा संकेत उमगला होता, हा भाग निराळा.

पत्रांतून शेतीची, गुरांची, कर्जाची, लग्नकार्याची चौकशी असे. जखम बरी होताच पुन्हा आघाडीवर धाडतात, मायदेशी पाठवीत नाहीत, ही व्यथा 1915 मधील पत्रांत वारंवार आढळते. भावाने सैन्यात भरती होऊ नये, असेही काहींनी सुचविले. फ्रान्समधील स्त्रिया शिकलेल्या आहेत, शेती व दुकान सांभाळतात, हे पाहून आपल्या मुलींना शाळेत घाला, असा आग्रह धरणारेही होते. सही करण्यापुरतेही अक्षर न येणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या हातून हे लिहवून घ्यावे, याचे मोल फार मोठे वाटते.

सर्वांच्या नशिबी पत्रही नव्हते. आजच्या इराकमधील कुट येथे डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात तुर्कांनी वेढलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. तेथे टपालाचा नेहमीचा मार्गच तुटला होता.

फ्रान्समधून गेलेली मूळ पत्रे गावोगावी पोहोचली आणि त्यांतील बहुतेक काळाच्या ओघात नाहीशी झाली. तपासनिसांनी संशयाने उतरवून घेतलेले उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आजही आहेत, तेही इंग्रजीत. सैनिकाच्या स्वतःच्या बोलीतले शब्द त्यांत नाहीत.